टोकाला केस नसतात

९ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

किती दिवसांनी लिहितेय ते मोजू नकोस. तू मोजलेच असशील, पण निदान मला सांगू नकोस.

बातमी आहे. तीन वर्षं मी इथे शाळेच्या पुस्तकांच्या कचेरीत बसून दुसऱ्यांच्या वेलांट्या सुधारतेय. परवा संपादकसाहेबांनी बोलावलं आणि एक पुस्तिका माझ्या हवाली केली. पाचवी-सहावीच्या मुलांसाठी, बत्तीस पानं, नाव 'झाड पाणी कसं पितं'. ही नीट जमली तर प्रुफांच्या बाकावरून उठून मला स्वतःचं टेबल मिळेल. खणाचं टेबल, आत्या, कुलपासकट!

आता खरी गोची सांगते. मला एवढंच ठाऊक आहे की खाली पाणी घालायचं आणि वर पानं हिरवी राहतात. मधलं सगळं तू शिकवत होतीस तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होते.

तेव्हा तूच तार. शब्द माझे, माहिती आणि चित्रं तुझी. आणि पुस्तकावर दोघींची नावं, एकाखाली एक. शब्द देते.

तुझी,
ठकी


१६ फेब्रुवारी

लाडक्या ठके,

त्रेसष्ट दिवस. मोजले होते, सांगून टाकलं.

तुझं पत्र मी आधी उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं, मग शेजारच्या शिंपीणबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी मशीन थांबवून ऐकलं. त्या बाई आग लागली तरी शिवण पुरी करून उठतील, त्यावरून काय ते ओळख.

पहिलं भांडण नावावरून. 'पितं' नको. मुळाला तोंड नाही, घसा नाही, तहान लागल्याची तक्रार नाही. ते पीत नाही, पाणी आपणहून आत येतं. मनुका भिजत घातल्या की सकाळी टम्म फुगतात. म्हणून मनुका पाणी प्यायली असं कोणी म्हणतं का? आतला रस दाट, बाहेरचं पाणी पातळ, आणि मधे पाण्याला वाट देणारं पातळ साल. अशा वेळी पाणी दाट बाजूकडे जातं. मुळाच्या पेशीत हेच चालतं. आणि मातीत खत किंवा मीठ जास्त झालं तर उलटं होतं, पाणी मुळातून बाहेर पडतं. रोप ओल्या मातीत उभ्या उभ्या सुकतं, आणि माणसं म्हणतात, अगं, पाणी तर रोज घालत होतो!

आता पाणी शिरतं कुठून? केसांतून. तुमच्या पुस्तकात मूलरोम म्हणतील, मी केस म्हणते. कोवळ्या मुळाला पांढरी लव असते. एकेक केस म्हणजे एकाच पेशीचं लांबवलेलं बोट. ती बोटं मातीच्या कणाकणांत शिरतात आणि तिथला ओलावा त्यांच्यातून आत येतो. रोप उपटलं की केस तुटून मातीतच राहतात. म्हणून नव्या जागी लावलेलं रोप भरपूर पाणी घालूनही मान टाकतं. नवे केस फुटेपर्यंत त्याच्या जिवात जीव नसतो.

सोबत मोहरीच्या मुळाचं चित्र आहे. उजव्या डोळ्यापुढे हल्ली धुकं असतं, तरी हात अजून थरथरत नाही. पुढच्या पत्रातून दहा बिया पाठवीन. ओल्या टिपकागदावर रुजव आणि तिसऱ्या दिवशी भिंग लावून बघ. माझ्या चित्रावर विसंबू नकोस, स्वतःच्या डोळ्यांनी बघ.

नावाचं लिहिलंस ते चांगलं केलंस. एकतीस वर्षं मी त्या शाळेच्या प्रयोगशाळेत होते. शिकवणारे शिकवायचे, मी नळ्या धुवायचे, मुळांच्या चकत्या कापून काचेवर ठेवायचे. मुलं मला भिंगबाई म्हणायची. शाळेच्या वार्षिकात माझी चित्रं चारदा छापून आली. खाली कधी विज्ञानाच्या सरांचं नाव, कधी नुसतं 'प्रयोगशाळेच्या सौजन्याने'. मी काय प्रयोगशाळा आहे?

तुझी आत्या


२७ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझं चित्र साहेबांनी हातात घेतलं आणि पाच मिनिटं खाली ठेवलंच नाही! मनुकांचं उदाहरण तर त्यांनी शेजारच्या खोलीत जाऊन वाचून दाखवलं. मी नुसती फुगले, तुझ्या मनुकेसारखी.

'पितं' मात्र जात नाही. साहेब म्हणतात, मुलांना 'पितं' कळतं. मी फार ताणलं नाही.

आता पुढचं सांग. मुळात आलेलं पाणी शेंड्यापर्यंत चढतं कसं? वर पंप तर नाही. लवकर लिही, छापखान्याची तारीख जवळ आली आहे. नावांचं वगैरे मी बघते, तू ते मनात आणू नकोस.

ठकी


५ मार्च

लाडक्या ठके,

पंप नाहीच. ओढ वरून आहे. पानांना बारीक भोकं असतात, त्यांतून वाफ सारखी बाहेर पडते. एक थेंब उडून गेला की त्याच्या मागचा पुढे सरकतो, कारण पाण्याचे कण एकमेकांना सहजी सोडत नाहीत. मुळाच्या मध्यभागी बारीक नळ्या असतात, त्या खोडातून थेट पानांच्या शिरांपर्यंत जातात. त्यांत पाण्याची अखंड दोरी असते. मुळाशी नुसतं येऊन चालत नाही, वर कोणीतरी ओढावं लागतं.

आता महत्त्वाचं, यावर लाल खूण कर. माझं चित्र चुकलं आहे! तीन दिवसांमागे मोहरी रुजत घातली आणि काल डावा डोळा लावून पाहिली. मी केस अगदी टोकापर्यंत काढलेत, आणि तसं नसतं. टोक उघडं, गुळगुळीत असतं. त्याला टोपी असते आणि ते माती ढकलत पुढे जातं. तिथे केस असते तर घासून एका दिवसात झडले असते. केस टोकाच्या जरा मागे फुटतात. एकतीस वर्षं मुलांच्या वह्यांत हीच चूक खोडली आणि स्वतः तीच केली. धुक्याचा डोळा आणि आठवणीवर विश्वास, दुसरं काय! सुधारलेलं चित्र याच पाकिटात आहे. जुनं फाडून टाक.

बियांची पुडीही आहे. दहा मोजून घातल्यात.

आणखी दोन गोष्टी. एक जराशी हसण्यासारखी आहे. मुखपृष्ठावर माझं नाव कसं लिहायचं? पूर्ण लिहायचं, की वडिलांचं आद्याक्षर घालायचं, की नुसतं नाव आणि आडनाव? कागदाच्या मागे तीन तऱ्हांनी लिहून पाहिलंय. शिंपीणबाईंना दुसरं आवडलं. तू सांग.

दुसरी हसण्यासारखी नाही. डॉक्टरांनी मोतीबिंदूसाठी २ एप्रिल दिली आहे. दवाखान्यात सोबत घरचं माणूस लागतं. ताटाला, औषधाला, हात धरून न्यायला. दादा आणि वहिनी इतक्या लांबून येणार नाहीत, आणि त्यांना विचारायचंही नाही मला. तू दोन दिवस येशील का? जमत नसेल तर तसं कळव, मी रागावणार नाही. पण कळव.

तुझी आत्या


२४ मार्च

प्रिय आत्या,

उशिराबद्दल कान धर. तुझं पत्र मिळालं, दोनदा वाचलं. फारच उपयोगी पडलं! बियाही छान रुजल्या. टिपकागदावर पांढरी लव बघून मला तर तुझी प्रयोगशाळाच आठवली.

पुस्तक छापखान्यात गेलं. इथे कामाचा नुसता रगाडा आहे. सविस्तर नंतर लिहिते. तब्येतीला जप.

ठकी


२८ मार्च

ठके,

रुजल्या हे बरं झालं. दहापैकी किती? आणि केस कुठून कुठपर्यंत दिसले, ते नीट आठवून लिही.

आत्या


४ एप्रिल

आत्या,

तू म्हणजे ना, अजून वह्या तपासतेस! दहाच्या दहा रुजल्या. आणि केस अगदी टोकापर्यंत, हुबेहूब तुझ्या चित्रासारखे. मिळाले ना पैकीच्या पैकी?

टेबल मिळालं! खिडकीशी आहे.

ठकी


२० जून

ठकी,

आज स्वतःच्या दोन्ही डोळ्यांनी लिहिते आहे. उजवा आता इतका लख्ख दिसतो की भिंतीचे पोपडे बघून लाज वाटली. इतकी वर्षं मी या घराला स्वच्छ समजत होते.

शाळेच्या ग्रंथपालबाईंनी परवा निरोप पाठवला की नवीन पुस्तकं आली आहेत, त्यांत एक तुमच्या विषयाचं आहे. गेले. 'झाड पाणी कसं पितं'. मुखपृष्ठावर एक नाव. मी ते उलटून मागे पाहिलं, आत पाहिलं, अगदी छापखान्याचा पत्ता असतो त्या पानावरही पाहिलं. पान पाचवर माझ्या मनुका. पान सहावर 'मुळाला तोंड नाही, घसा नाही, तहान लागल्याची तक्रार नाही'. पान नऊवर माझं चित्र, डावीकडे कललेल्या उपमुळासकट. शेवटी साहेबांचे आभार आणि 'घरच्या मंडळींचे' आभार. त्या मंडळींत मी असेन, दादा आणि वहिनीच्या मधे कुठेतरी उभी.

आणि चित्रातलं मूळ टोकापर्यंत केसाळ.

हे बघून मला धक्का बसला असं समजू नकोस. मला मार्चपासूनच ठाऊक होतं. कसं, ते सांगते. ५ मार्चला तुझं पाकीट पेटीत टाकून घरी आले, चष्म्याचं घर उचललं, तर खाली बियांची पुडी. दहाच्या दहा बिया माझ्याकडेच राहिल्या होत्या. म्हटलं, दुसरं पत्र टाकावं. मग वाटलं, नको. ती विचारेल, 'आत्या, विसरभोळे, पुडी कुठे आहे?' तेवढंच तिचं एक पत्र जास्त येईल. मी त्या एका पत्राच्या लोभानं गप्प बसले.

आणि तू लिहिलंस की रुजल्या. तेव्हाच समजले की इथे पाणी मुरतंय. तरी पुन्हा विचारलं, तुला माघार घ्यायला जागा ठेवली. तर दहाच्या दहा! एकतीस वर्षांत माझ्याकडे दहाच्या दहा कधी रुजल्या नाहीत गं, एखादी मुकी निघतेच. थाप मारायलासुद्धा थोडी माहिती लागते.

तू माझं पत्र उघडलंच नाहीस. पहिल्या पत्रात बियांचा उल्लेख होता, त्यावर तू दुसऱ्याची पोच दिलीस. 'दोनदा वाचलं' म्हणालीस. मी तुझं ते तीन ओळींचं पत्र किती वेळा वाचलं, ते विचारू नकोस.

केसानं गळा कापला म्हणतात, ते लोकांच्या तोंडून ऐकत आले होते. तू तो मुळाच्या केसानं कापलास. नाव नाही आलं, त्याची मला सवय आहे. ज्यांनी आधी घेतलं ते परके होते. तुला मी या हातांनी वेणी घालून शाळेत नेलंय. एका जागी बाहुलीसारखी बसून राहायचीस म्हणून ठकी हे नाव मीच ठेवलं. त्यातून दुसरा अर्थ निघेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

त्या पत्रात शेवटी मी तुला काही विचारलं होतं. काय ते इथे लिहिणार नाही. असेल अजून तर उघड.

आत्या


२९ जून

आत्या,

उघडलं.

ते खणात होतं, माझ्या नव्या टेबलाच्या. बाकावरून सामान हलवताना तेही हलवलं. मागचं पान उलटं करून बघितलं तर तुझं नाव तीनदा, प्रत्येक वेळी वेगळं, शाळेतल्या मुलीसारखं रेघ मारून. मला दुसरं आवडलं. हे आता लिहायची माझी लायकी नाही, पण तू विचारलं होतंस.

आणि २ एप्रिल. आत्या, मी त्या दिवशी कचेरीत सगळ्यांना चहा पाजत होते, टेबल मिळालं म्हणून.

खरं काय झालं ते सांगते. तुझं पाकीट यायच्या दोन दिवस आधी साहेब म्हणाले, लेखक एकच, कचेरीतला. बाहेरचं नाव घातलं तर परवानग्या लागतात. मी 'बरं' म्हटलं. एवढंच म्हटलं, भांडलेसुद्धा नाही. चित्र छापखान्यात गेलं होतं. मग तुझं पाकीट आलं, हे एवढं जाड. मला वाटलं, आत नावाचं विचारलेलं असणार. उघडलं की उत्तर द्यावं लागेल. उद्या उघडू म्हणून ठेवलं. आठवड्यानं उघडायची भीती वाटायला लागली, महिन्यानं ते दिसेनासं झालं. त्यात माझ्यासाठी दुसरं काही असेल, हे मनातच आलं नाही. हेच सगळ्यात वाईट आहे, हे मला कळतंय.

सोबत कोण होतं तुझ्या?

साहेबांना मी टोकाची चूक दाखवली. ते चिडले, पण पुस्तकं वाटली गेली आहेत. आता शुद्धिपत्र छापून सगळ्या शाळांना पाठवायचं ठरलंय. त्यात मी तुझं नाव घालू शकते, 'ही दुरुस्ती यांनी सुचवली' म्हणून. साहेबांनी कबूल केलंय. मी भांडून कबूल करून घेतलंय.

मी येऊ का? तू म्हणशील तेव्हा, म्हणशील तितके दिवस.

ठकी


१२ जुलै

ठकी,

सोबत शिंपीणबाई होत्या. दोन दिवस मशीनवर कापड झाकून माझ्याजवळ बसल्या. नर्सनं कागदावर लिहायला विचारलं, नातं काय? बाईंनी बिनदिक्कत सांगितलं, बहीण. पट्टी काढली तेव्हा पहिला चेहरा त्यांचा दिसला. मी मात्र दार बघत होते, हे तुला कळावं म्हणून लिहिते.

शुद्धिपत्रात माझं नाव घालू नकोस. जन्मात पहिल्यांदा छापून येणार, ते चुकांच्या यादीत? दुरुस्ती तेवढी पाठव, आणि लवकर पाठव. ती मुलांसाठी आहे.

येण्याचं म्हणशील तर एवढ्यात नको. रागावून म्हणत नाही. रागाचा भर केव्हाच ओसरला. आता तू समोर बसून 'आत्या' म्हणालीस तरी मी तुझ्या तोंडाकडे बघत राहीन की हे खरं की दहाच्या दहा. असं मला तुझ्याकडे बघायचं नाही. उपटलेल्या रोपाला पहिल्याच दिवशी भसाभस पाणी घातलं की मुळं कुजतात, हे मी तुला लिहायचं विसरले होते. पत्रं लिही. मी उघडते, हे तुला ठाऊक आहे.

आता परवाची गोष्ट. शाळेच्या नवीन विज्ञानाच्या बाईंनी बोलावलं होतं, मुळं दाखवायला. चौतीस मुलं. सगळ्यांच्या वह्यांत तुझ्या पान नऊवरचं चित्र, टोकापर्यंत दाढी वाढलेलं मूळ. मी तुझ्यासाठी ठेवलेल्या पुडीतल्या बिया घेऊन गेले होते. आधीच टिपकागदावर घालून ठेवल्या होत्या. नऊ रुजल्या, एक मुकी निघाली.

मुलांनी ओळीनं भिंगातून पाहिलं. एकजण ओरडला, "बाई, टोकाला केस नाहीत! पुस्तकात चुकलंय!"

नवीन बाई गोंधळल्या, छापील पुस्तक ना. मला वाटलं, ही वेळ आहे. मी पुस्तक हातात घेतलं, पान नऊ उघडलं आणि वर्गाला सांगितलं, "बरोबर आहे तुमचं. हे चित्र मी काढलंय. तेव्हा मला नीट दिसत नव्हतं. ही चूक माझी आहे."

पुढच्या बाकावरच्या मुलीनं माझ्या हातातून पुस्तक घेतलं. मुखपृष्ठ पाहिलं, आतलं पान पाहिलं, मागची बाजू पाहिली, सावकाश, बोट फिरवत. मग पुस्तक मला परत दिलं आणि फार मायेनं म्हणाली,

"भिंगबाई, दुसऱ्याची चूक तुम्ही कशाला अंगावर घेता? यात तुमचं नाव कुठेच नाही."

आत्या